आधी माप, मग फॉरमॅट, शेवटी क्वालिटी

कासजवळचे होमस्टे, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, मिरजेची तंतुवाद्यं. धंदे वेगळे, पण यांच्या वेबसाइटी बहुतेक एकाच ठिकाणी अडतात: फोटोंपाशी. मोबाइलवर काढलेला फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो आणि पान उघडायला वेळ का लागतो म्हणून होस्टिंगवाल्याला फोन जातो.

हिशेब साधा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्याची फाइल तीन ते सहा एमबीची. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट. मेढ्याच्या पुढे डोंगरात रेंज मिळून मिळून ४ एमबीपीएस मिळाली, तर असा एक फोटो उतरायला १० सेकंद लागतात. पानावर आठ फोटो असले तर ८० सेकंद, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे बुकिंग करून मोकळं झालेलं असतं. तोच फोटो २०० केबीचा केला तर अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, आणि नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही.

‘फोटोची साइज कमी करून द्या’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळी कामं दडलेली असतात. चित्राचं माप, म्हणजे लांबी-रुंदीचे पिक्सेल, कमी करणं हे एक. फॉरमॅट बदलणं हे दुसरं. आणि आहे त्याच मापात, आहे त्याच फॉरमॅटमध्ये माहिती दाबून बसवणं, म्हणजे कॉम्प्रेशन, हे तिसरं. बरेच जण थेट तिसऱ्या कामाला हात घालतात आणि फोटो खराब झाला म्हणून ओरडतात. वजन मुख्यतः पिक्सेलांचं असतं, त्यामुळे सुरुवात मापापासूनच करायची.

माप

४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. १२०० बाय ९०० म्हणजे १० लाख ८० हजार. क्वालिटीला अजून हातही लावलेला नाही आणि पिक्सेल ११ पटींनी कमी झाले.

दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. फाइल कितीही दाबली तरी दाखवताना ब्राउझरला ती पुरती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर साधारणपणे प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ४००० बाय ३००० चा फोटो ३०० केबीत कोंबला तरी मोबाइलच्या मेमरीत तो ४८ एमबीची जागा मागतो. असे आठ-दहा फोटो एका पानावर आले की कमी रॅमचा मोबाइल अडखळायला लागतो. नेट वेगवान असूनही पान सरकवताना झटके बसतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. कोडमध्ये ‘रुंदी ४०० पिक्सेल’ लिहून मोठा फोटो छोटा दाखवणं हाही उपाय नव्हे. दिसतो छोटा, उतरतो अख्खाच.

मग माप किती ठेवायचं? बहुतेक मोबाइलची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३६० ते ४१२ पिक्सेल असते. पडदा प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट दाट असतो, म्हणून ४०० ची तिप्पट १२०० धरली तर मोबाइलवर पूर्ण रुंदीचा फोटो अगदी काटेकोर दिसतो. खरं तर दुपटीच्या पुढचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही, म्हणजे मोबाइलपुरते ८०० सुद्धा चालतात. कॉम्प्युटरवर लेखातला फोटो ७००-८०० रुंदीच्या पट्ट्यात बसतो, त्याला १६०० पुरे. पानभर बॅनरला १९२०, यादीतल्या छोट्या चौकटींना ४००. याहून मोठं माप लागेल अशी जागा वेबसाइटवर क्वचितच असते.

माप कमी करण्याआधी कातरून घ्या. खोलीच्या फोटोत निम्मं छत आणि पलंगापुढची फरशी असेल तर ते पिक्सेल फुकट पाठवले जातात.

आता डीपीआय. फ्लेक्सवाल्याकडे ३०० डीपीआय ऐकलेलं असतं आणि वेबसाइटसाठी ‘७२ डीपीआय करा’ असं कुणीतरी सांगतं. डीपीआय हा छपाईचा आकडा आहे: कागदाच्या एका इंचात किती ठिपके बसवायचे याची फाइलमधली नोंद. ब्राउझर ती पाहून चित्राचं माप ठरवत नाही. १२०० बाय ९०० चा फोटो ७२ ला असो की ३०० ला, पडद्यावर तो सारखाच दिसतो आणि फाइलचं वजनही तेच राहतं.

माप कमी करताना पद्धत महत्त्वाची. मिरजेच्या तानपुऱ्याचा फोटो घ्या. ४००० पिक्सेलच्या फोटोत तार तीन-चार पिक्सेल जाड असते. तो ८०० वर आणला की तारेच्या वाट्याला पूर्ण एक पिक्सेलही येत नाही. सॉफ्टवेअर जर ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतीने, म्हणजे दर पाचातला एक पिक्सेल उचलून बाकीचे टाकून देत असेल, तर तार मध्येच तुटते आणि तिरकी असेल तर पायऱ्या दिसतात. ‘लँक्झोस’ किंवा ‘बायक्युबिक’ पद्धत आजूबाजूच्या पिक्सेलांना कमी-जास्त महत्त्व देऊन सरासरी मूल्य काढते, त्यामुळे तार फिकी होते पण अखंड राहते. त्यानंतर हलकं शार्पनिंग द्यायचं. गिंप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडियस ०.५ ते १ आणि अमाउंट ०.५ च्या आसपास ठेवलं तर तार आणि हस्तिदंती रंगाची नक्षी दोन्ही पुन्हा उठून दिसतात. जास्त दिलंत तर प्रत्येक कडेला पांढरी किनार येते आणि वरून फाइलचं वजनही वाढतं.

उलटी वाट मात्र बंद आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला छोटा फोटो ताणून मोठा केला तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. म्हणून फोटोग्राफरकडून किंवा भाच्याच्या मोबाइलवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

फॉरमॅट

इथे फार गोंधळायचं कारण नाही. निसर्ग, माणसं, खोल्या, माल अशा खऱ्या फोटोंसाठी जेपेग किंवा वेबपी. लोगोसाठी एसव्हीजी, कारण ती ठिपक्यांची नाही तर रेषांची फाइल असते आणि कितीही मोठी केली तरी फाटत नाही. स्क्रीनशॉट, नकाशा, पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी पीएनजी किंवा लॉसलेस (काहीही न गाळणारं) वेबपी.

जेपेग १९९२ पासूनचं आहे आणि सगळीकडे उघडतं. वेबपी गूगलने २०१० मध्ये आणलं. सारख्याच दर्जाला ते जेपेगपेक्षा साधारण पाव ते एक तृतीयांश हलकं पडतं, आणि सफारीने २०२० मध्ये ते स्वीकारल्यापासून न चालण्याची भीती जवळपास संपली. एव्हीआयएफ त्याहून हलकं, सफारीतही २०२२ पासून चालतं, पण फाइल तयार करायला वेळ जास्त घेतं आणि कमी क्वालिटीला बारीक पोत पुसून टाकतं. कासच्या तेरड्याचा गालिचा एव्हीआयएफमध्ये जास्त दाबला की जलरंगाने रंगवल्यासारखा सपाट होतो. छोट्या धंद्याच्या वेबसाइटसाठी आमचं मत वेबपीच्या बाजूने आहे.

जेपेगचं पीएनजी केल्याने दर्जा परत येत नाही. गेलेली माहिती गेली. फाइल मात्र पाच-सहा पट फुगू शकते. उलट पारदर्शक पीएनजीचं जेपेग केलं की पारदर्शक भाग काळा किंवा पांढरा होतो, कारण जेपेगमध्ये पारदर्शकतेची सोयच नाही. हलणारं जिफ असेल तर त्याचा छोटा एमपी४ व्हिडिओ करा. जिफमध्ये एका चौकटीला २५६ रंगांचीच मुभा आणि वजन अफाट.

क्वालिटीचा आकडा

जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात हळूहळू बदलणारी छटा किती आणि झपाट्याने बदलणारा बारीक तपशील किती, याचं गणित मांडतं आणि बारीक तपशिलाचे आकडे ढोबळ करून टाकतं. डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, पण अतिबारीक तपशिलात थोडी गफलत खपवून घेतो, या स्वभावाचा फायदा इथे घेतलेला आहे. क्वालिटी कमी करणं म्हणजे हे ढोबळीकरण वाढवणं.

म्हणूनच एकच आकडा सगळ्या फोटोंना चालत नाही. अजिंक्यताऱ्यामागचं मोकळं आकाश क्वालिटी ७५ ला अगदी थोड्या जागेत मावतं. त्याच मापाचा, त्याच क्वालिटीचा बेदाण्याच्या राशीचा फोटो दुप्पट-तिप्पट वजनाचा निघतो, कारण तिथे प्रत्येक चौकोनात सुरकुत्या, चमक आणि सावली भरलेली असते. गंमत अशी की बेदाण्याचा फोटो ६५ पर्यंत खाली नेला तरी खराबी त्या गर्दीत लपते. आकाश ६० ला नेलं तर पट्टे आणि चौकोन लगेच दिसायला लागतात. वजन जिथे जास्त तिथे दाबायला वाव जास्त, आणि जिथे आधीच हलकं तिथे हात आखडता घ्यायचा.

हा आकडा टक्के नाही. ८० म्हणजे मूळच्या ८० टक्के दर्जा असं काही नसतं. जेपेगचे ८० आणि वेबपीचे ८० एक नाहीत, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये पट्टी ० ते १२ अशी असते. जेपेगला ७५ ते ८२, वेबपीला ७५ ते ८० पासून सुरुवात करा आणि डोळ्याने ठरवा. ९५ च्या वर गेलं की फाइल झपाट्याने फुगते आणि पदरात काहीच पडत नाही.

दुसरी काटकसर रंगाची. जेपेग उजेड आणि रंग वेगळे करतं आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती दर २ बाय २ पिक्सेलांना एकच ठेवतं. सेटिंगमध्ये ती ‘सबसॅम्पलिंग ४:२:०’ अशी लिहिलेली दिसते. फोटोंमध्ये हे कळत नाही. पण हळदीच्या पाकिटावर पिवळ्यावर लाल अक्षरं असतील तर लाल रंग पिवळ्यात पाझरतो आणि कडा मळकट दिसतात. अशा वेळी क्वालिटी वाढवून फारसा उपयोग होत नाही. सबसॅम्पलिंग ४:४:४ करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग राखला जातो. फाइल थोडी वाढेल पण अक्षरं स्वच्छ येतील. नेहमीचं लॉसी (तपशील गाळणारं) वेबपी कायम ४:२:० च वापरतं, त्यामुळे पाकिटांच्या फोटोंना जेपेगच बरं.

दरपत्रकाची तर वेगळीच कथा. देवनागरीची शिरोरेषा म्हणजे लांब, गडद, कडक कडेची रेघ. जेपेगमध्ये तिच्या वर-खाली करडी धूळ उठते, आणि त्या धुळीत अनुस्वाराचा ठिपका आणि उकार सगळ्यात आधी हरवतात. २५६ किंवा त्याहून कमी रंगांचं पीएनजी केलं तर असं पत्रक लखलखीत दिसतं आणि बहुधा जेपेगपेक्षा हलकंही निघतं. त्याहून चांगलं म्हणजे दर चित्रात घालूच नका, पानावर मजकूर म्हणून टाइप करा. शोधात सापडतो, कॉपी होतो आणि दर बदलला की नवं चित्र करावं लागत नाही.

जेपेग उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणं. प्रत्येक सेव्हला पुन्हा ढोबळीकरण होतं. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसाच ठेवा आणि दरवेळी त्यावरूनच नवी प्रत काढा.

प्रत्यक्ष काम

एक-दोन फोटो असतील तर स्क्वूश. हे ब्राउझरमध्ये चालतं आणि फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहून बदलतो, कुठल्या सर्व्हरवर जात नाही. फोटो आत ओढा. उजवीकडे ‘रिसाइज’ चालू करून रुंदी १२०० लिहा, पद्धत लँक्झोस३ असू द्या. खाली फॉरमॅट निवडा: वेबपी, किंवा जेपेग हवं असेल तर मोझजेपेग. मधली उभी रेघ डावी-उजवीकडे सरकवून मूळ आणि नवा फोटो ताडून पाहा. झूम १०० टक्के ठेवूनच पाहा. ४०० टक्क्यांवर प्रत्येक फोटो खराबच दिसतो आणि उगाच क्वालिटी वाढवली जाते. खाली नवं वजन दिसतं. १२०० बाय ९०० चा साधा फोटो जेपेगमध्ये १५० ते २५० केबीत बसायला हवा. पानाफुलांनी खच्चून भरलेला असेल तर ३५० पर्यंत चालवून घ्या.

पन्नास-शंभर फोटो असतील तर विंडोजवर इरफानव्ह्यू. उघडून कीबोर्डवर बी दाबा, बॅच कन्व्हर्जन येतं. आउटपुट जेपीजी, ऑप्शन्समध्ये क्वालिटी ७८. ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये लांब बाजू १२०० करा. प्रमाण राखण्याची खूण आणि ‘छोटी चित्रं मोठी करू नका’ ही खूण दोन्ही तपासा. आउटपुट फोल्डर वेगळाच द्या, नाहीतर मूळ फोटोंवरच नवे बसतात आणि मग परतीची वाट नाही. यात वेबपी हवं असेल तर प्लगइनचा संच वेगळा टाकावा लागतो.

वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत ते स्वतःच करतं, शिवाय वेगवेगळ्या मापांच्या आणखी प्रती काढतं. मूळ अजस्र फाइल मात्र सर्व्हरवर पडून राहते आणि होस्टिंगची जागा खात बसते. फोटो आधी बारीक करून चढवणंच शहाणपणाचं.

कुठे फसतं

आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी फॉरमॅटमध्ये येतात. सफारी सोडली तर ब्राउझर ते दाखवत नाहीत. फाइलच्या नावातलं शेवटचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं म्हणून फॉरमॅट बदलत नाही, आतला माल तोच राहतो. कन्व्हर्ट करावंच लागतं. किंवा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा.

फोटो आडवा पडला? उभा धरून काढलेला फोटो मोबाइल बहुधा आडवाच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी नोंद एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, लिहितो. वजन वाचवायला एक्झिफ पुसलं की ती नोंदही जाते. आधी फोटो खरोखर फिरवून घ्या, मग एक्झिफ काढा. पण काढाच, कारण त्यात जीपीएस असू शकतं. होमस्टेचा पत्ता जगाला कळावा हे ठीक, घरातल्या मुलांच्या फोटोसोबत घराचे अक्षांश-रेखांश जाऊ नयेत.

रंग फिके पडणं याची दोन कारणं नेहमीची. आयफोनचा फोटो डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगपटात असतो. त्याचं कलर प्रोफाइल पुसलं आणि रंग वेबच्या नेहमीच्या रंगपटात, म्हणजे एसआरजीबीत, बदलले नाहीत तर हळदीचा झगझगीत पिवळा मरगळतो. दुसरं, फ्लेक्सवाल्याने कोरलमधून दिलेली जेपेग छपाईच्या सीएमवायके रंगांत असते, ती वेबवर भलतीच दिसू शकते. दोन्हींवर इलाज एकच: एसआरजीबीत रूपांतर करा, मग प्रोफाइल काढायचं तर काढा.

फाइलचं नाव इंग्रजी छोट्या लिपीत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. ‘हळद’ असं देवनागरी नाव पत्त्यात गेलं की प्रत्येक अक्षराच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे मिळून ९ खुणा येतात, तीन अक्षरांच्या २७. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवताना मध्येच तुटण्याचा धोका वाढतो. मराठी लिहायची ती ऑल्ट मजकुरात. दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडर तोच वाचतं, आणि फोटो उतरलाच नाही तर तोच दिसतो.

कोड लिहिणाऱ्यासाठी तीन गोष्टी. इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट द्या, म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचताना मजकूर उडी मारत नाही. सोर्ससेटमध्ये ४८०, ८००, १२०० आणि १६०० रुंदीच्या प्रती द्या, ब्राउझर आपल्यापुरती निवडतो. लेझी लोडिंग खालच्या फोटोंना लावा. पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या फोटोला लावलंत तर तोच उशिरा येतो.

भरतीच्या फॉर्मचा फोटो

इथे अडचण अनेकदा उलटी असते. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी. २०० बाय २३० म्हणजे जेमतेम ४६ हजार पिक्सेल. क्वालिटी ८० ला फाइल १० केबीच्या आसपास येते आणि ‘साइज कमी आहे’ म्हणून पोर्टल परत पाठवतं. अशा वेळी क्वालिटी ९५ किंवा त्याच्या वर न्या. सही म्हणजे तर पांढरा कागद आणि चार रेघा, ती ३-४ केबीत आटपते. क्वालिटी १०० करूनही भागलं नाही तर माप दुप्पट, २८० बाय १२०, करून पाहा, कारण तिथलं पिक्सेलचं माप ‘शक्यतो’ म्हणून दिलेलं असतं. ज्या परीक्षेचा फॉर्म भरताय तिच्या जाहिरातीतले आकडे मात्र दरवेळी पाहून घ्या. आणि फोटो, सही, आधार असं काही ‘५० केबीत करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर चढवू नका. स्क्वूश आणि इरफानव्ह्यू दोन्हींत हे काम घरच्या घरी होतं.

सगळं करून वेबसाइटवर जुनाच जड फोटो दिसत राहिला तर बहुधा ब्राउझरने तो साठवून ठेवलेला असतो. नवी फाइल त्याच नावाने चढवण्यापेक्षा नाव बदला, शेवटी २ जोडलंत तरी पुरतं, आणि पानातला दुवाही बदला.